साडेसहाचं जेवण

जबलपुरात उजेडाची काळजी वाहणारे लोक हजारोंनी सापडतील, पण अंधाराची काळजी वाहणारं माणूस आख्ख्या शहरात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या नात्यात आहे. ती माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्यासारख्या विदर्भातून कधीकाळी इकडे आलेल्या मराठी घरांत बायकोच्या मोठ्या बहिणीला आकडसासू म्हणतात. शब्द असा की तो ऐकूनच जावयानं पाठ ताठ करून बसावं. मी मात्र तिला पहिल्यापासून ताईच म्हणत आलो, आणि पाठ ताठ करण्याऐवजी तिच्यामुळे मला अंधारात चाचपडायची सवय लागली. कारण आमच्या रांझीच्या क्वार्टरमध्ये ती पाऊल टाकते तेच पर्समधून काळ्या टेपचं रीळ काढत. टीव्हीखालचा लाल ठिपका, इन्व्हर्टरचा हिरवा, पाण्याच्या फिल्टरचा निळा, वायफायच्या डब्यावर लुकलुकणारे तीन, अशा एकेकावर ती नखाएवढा तुकडा चिकटवते आणि मग खुर्चीत बसून आमची खुशाली विचारते. एकदा तिनं देवघरातल्या विजेच्या समईकडे मोर्चा वळवला, तेव्हा बायको आडवी आली. "ताई, देवाला तरी सोड," ती म्हणाली. "काहून? देवाला झोप नसते काय?" ताईनं विचारलं, आणि त्या रात्रीपासून आमचे देव नऊला झोपतात.

स्वतःच्या घरी मात्र तिचं काही चाललं नाही. मदन महलला स्टेशनच्या अलीकडे तिचं छोटं बैठं घर आहे आणि घरासमोर बरोबर खिडकीच्या उंचीवर रस्त्याचा दिवा आहे. त्याचा उजेड थेट तिच्या उशीवर पडतो. तो जरा वळवावा किंवा झाकावा असे अर्ज तिनं वर्षानुवर्षं केले. अर्ज वाचणाऱ्यांच्या डोक्यात, दिव्याबद्दल तक्रार म्हणजे दिवा लागत नसणार, एवढाच अर्थ शिरायचा. ते दरवेळी तत्परतेनं माणूस पाठवायचे आणि आधीपेक्षा मोठा दिवा बसवून जायचे. शेवटी तिथं असा पांढराफेक दिवा आला की गल्लीतली पोरं त्याखाली बॅडमिंटन खेळू लागली. ताईनं अर्ज थांबवले आणि खिडकीला दुहेरी घोंगडी लावली.

ती प्राणिशास्त्राची प्राध्यापक. तीस वर्षं तिनं मेलॅटोनिन या एकाच पदार्थामागे घालवली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर उंदरांना फार वेळ द्यावा लागतो असं सांगायची आणि विचारणारा पुन्हा विचारायचा नाही. मला तिनं समजावलं ते असं: मेंदूच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलॅटोनिन सोडायला लागते, आणि मग हे मेलॅटोनिन घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं अंगभर हिंडून सगळ्यांना सांगतं की चला, रात्र झाली, आवराआवर करा. ते ऐकून इन्सुलिनही हात आखडतं. अशा वेळी कुणी पोटात पुऱ्या ढकलल्या, तर त्यांची साखर रक्तातच रेंगाळत राहते. आणि रात्रभर ट्यूबलाइट जळत असली, तर म्हाताऱ्याचं तोंडच दाबल्यासारखं होतं. मी रांझीजवळच्या कारखान्यात चार्जमन, आयुष्यातली निम्मी वर्षं रात्रपाळी केलेली, आणि साखर डॉक्टरांनी भुवया उंचावण्याइतकी. त्यामुळे हे सगळं ती माझ्याकडे बघूनच सांगायची.

तिची प्रयोगशाळा म्हणजे एक उलटं जग होतं. उंदीर रात्री जागे असतात, आणि कॉलेज दिवसा असतं. तेव्हा ताईनं उंदरांना घड्याळाच्या जोरावर फसवलं होतं. रात्रभर त्यांच्या खोलीत दिवे, आणि सकाळी दहाला ठार अंधार. आत फक्त एक मंद लाल बल्ब, कारण तेवढा उजेड उंदरांना जवळपास दिसत नाही. भर दुपारी आम्ही फोन केला की ती दबक्या आवाजात म्हणायची, "आत्ता नको, इथं मध्यरात्र होऊन राहिली." एकदा बाहेरून कुणी मोठे तपासणी करणारे साहेब आले. ताईनं त्यांना तसंच आत सोडलं नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला हवी म्हणून बाहेरच्या काळोख्या बोळात खुर्चीवर दहा मिनिटं बसवलं. साहेब पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. ताईनं त्यांना उठवलं तर नाहीच, उलट विद्यार्थ्यांना एकेक करून आणून दाखवलं की बघा, अंधारानं काय होतं ते. पुढे साहेबांनी अहवालात काय लिहिलं कोण जाणे, पण निघताना ते म्हणाले म्हणे की इतकी छान झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

संध्याकाळी साडेसहा म्हणजे तिच्या दिवसाचा शेवटचा घास. त्यानंतर पाणी. त्यामुळे जबलपूरच्या निम्म्या लग्नांत ती जैन होऊन गेली आहे. इथल्या लग्नांत सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन पाहुण्यांसाठी वेगळी सोय असते. वरात अजून चौकातच नाचत असते आणि ताई त्या टेबलावर पहिली हजर. वाढणारे तिला ओळखतात आणि 'जय जिनेंद्र' म्हणतात, तीही म्हणते. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला आम्ही सराफ्यात गेलो होतो. दुकानात इतके दिवे की सोनं सोडा, माणसंही चकाकत होती. ताईनं पर्समधून उजेड मोजायचं मीटर काढलं, काउंटरवर ठेवलं आणि आकडा बघून कपाळाला हात लावला. पण तेवढ्यात तिला कळलं की शेठजी सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, त्यांचे वडीलही खात नव्हते, आजोबाही नाही. मग काय, साखर किती, झोप कधी, उठता किती वाजता, असा तासभर जबाब घेतला. शेठजीही रंगात आले. बाहेर पडल्यावर ताई कळवळून म्हणाली, "यांच्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, ते सिद्ध करता करता माझे केस पिकले." बांगड्या दुसऱ्या दिवशी आणाव्या लागल्या.

तिला चैन वर्ज्य आहे असं मात्र कुणी समजू नये. इथली खोव्याची काळी जिलेबी हा तिचा प्राण आहे. पण ती सकाळी आठला. सकाळी आठची जिलेबी आणि रात्री दहाची जिलेबी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे ती कुणालाही, अगदी जिलेबीवाल्यालाही, पटवून देते. कोजागरीला आम्ही तिला भेडाघाटला नेलं होतं. चांदण्यात न्हालेले संगमरवरी कडे, नर्मदेचं शांत पाणी, नावाडी हिंदीत तुकबंदी, म्हणजे यमकांची जुळवाजुळव, करत होता, आणि ताईनं मीटर काढून चंद्राकडे धरलं. मीटरनं शून्य दाखवलं. एवढ्या लख्ख पौर्णिमेला शून्य. तिचा आनंद बघण्यासारखा होता. चंद्राची काही चूक नाही, असं तिनं नावेतल्या सगळ्यांना हिंदीतून जाहीर केलं. नावाडीही खूश झाला. पुरावा मिळाल्यावर मग तिनं मीटर ठेवून दिलं आणि बराच वेळ नुसती बघत बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या बाईला अंधार नुसता पटत नाही, तो आवडतो.

तिची एकच इच्छा अपुरी होती. उंदरांवर जे दिसलं ते माणसांत दाखवायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि हा तिचा शेवटचा अभ्यास असणार होता. रात्रपाळीची माणसं तिला हवी होती आणि ती माझ्याकडे होती. मी आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या विभागात, शब्द टाकला. चाळीसेक जण तयार झाले. त्यांतले अर्धे तर दीदी येणार, घरी बसणार, चहा घेणार, एवढ्यासाठीच. ठरलं असं: कामावर यायच्या आधी संध्याकाळी साडेसहाला पोटभर जेवायचं आणि मग सकाळपर्यंत फक्त पाणी. प्रत्येकाला एक निळी वही दिली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी झोपलो, खोलीत अंधार होता की नाही, हे रोज लिहायचं. महिन्यातून एकदा बोटाला सुई टोचून आणि रक्त तपासून साखर बघायची. सहा महिने असं केलं, तर साखर उतरताना दिसायला हवी. तशी दिसली तर कारखान्यातल्या साहेबांना सांगून रात्रीच्या जेवणाची वेळ बदलून घ्यायची, विसाव्याच्या खोलीतले दिवे मंद करायचे, असे तिचे बेत होते.

ताई स्कूटरवरून मदन महलहून रांझीला यायची आणि एकेका क्वार्टरमध्ये जाऊन वह्या बघायची. पण नुसती वही बघून उठणं तिला जमलं असतं तर ती ताई कसली. कुणाच्या मुलीचा अभ्यास अडला होता, तो तिनं जमिनीवर बसून सोडवून दिला. कुणाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन घाबरून टळत होतं, तिला हाताला धरून नेऊन आणलं. झोपायच्या खोल्यांना जाड पडदे शिवायचे म्हणून स्वतःच्या घरची जुनी घोंगडी वाटली. दोन महिन्यांत अशी गत झाली की रांझीत ताईची स्कूटर दिसली की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

आणि इथंच सगळं बिघडलं. आमच्या शॉपमध्ये रात्री एकची सुट्टी होते. त्या वेळी लांब बाकावर वर्तमानपत्रं अंथरून सगळे डबे एकत्र उघडायचे, ही आमची पंगत पहिल्यापासूनची. तिथं आपला डबा झाकून ठेवणं आणि दुसऱ्याच्या डब्याला नाही म्हणणं, या दोन्ही गोष्टी भांडण झाल्याशिवाय कुणी करत नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही नेटानं बिनडब्याचे आलो आणि एक वाजता बाकावर बसून एकमेकांची तोंडं बघितली. दुसऱ्या आठवड्यात माझे जुने सोबती दुबेजी डबा घेऊन आले. दुबेजी मशीनवर हात बसलेला माणूस, आणि मनानं लोणी. घरून पुऱ्या आणि आवळ्याचं लोणचं होतं. चाळीस हात पुढे झाले. दुबेजींनी इमानदारीनं वहीत लिहिलं: रात एक बजे, छह पूड़ी. ताईनं त्यांच्या घरी ते वाचलं. ती रागावली मुळीच नाही. फक्त तिचा चेहरा उतरला, आणि तो दुबेजींनी पाहिला, त्यांच्या बायकोनं पाहिला, चहा आणणाऱ्या मुलीनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुबेजी मला सायकल स्टँडपाशी गाठून म्हणाले, "दीदी का मुँह उतर गया था, भैया। अब हमसे सच नहीं लिखा जाएगा।" त्या दिवसापासून त्यांच्या वहीत साडेसहा. मग बाकीच्यांच्याही. रात्री एकला पंगत बसायची, डबे उघडायचे, आणि हात धुऊन झाले की सगळे निळ्या वह्या काढून गंभीरपणे लिहायचे: शाम साढ़े छह, दो रोटी, लौकी. आमच्या गणपती मंडळाच्या महाप्रसादाला तर पाळीला सुट्टी होती आणि शॉपमधले सगळे रात्री दहाला पानावर बसले होते; मी स्वतः वाढत होतो. त्या दिवशीही झाडून सगळ्या वह्यांत साडेसहा. यात कुणाला खोटेपणा वाटतच नव्हता. ताईचं मन राखणं हे कर्तव्य होतं आणि ते सगळे मिळून पार पाडत होते. आणि मी? मी चार्जमन, तिचा जावई, वह्या गोळा करणारा. माझ्याही वहीत साडेसहाच होतं. मी स्वतःला सांगत होतो की बिचारीची शेवटची दोन वर्षं, आनंदात जाऊ देत.

रक्त मात्र कुणाचं मन राखत नाही. सहा महिने संपले, सगळे आकडे तिच्या हाती गेले आणि ती रांझीला यायची बंद झाली. आठ-दहा दिवस गेल्यावर बायकोनं मला डबा देऊन मदन महलला पाठवलं. संध्याकाळचे आठ वाजून गेले होते. दार उघडलं तर ताई जेवत होती. आठ वाजता. मी खुर्चीत बसलो आणि समोर वायफायच्या डब्यावर तीन हिरवे ठिपके लुकलुकताना दिसले. इन्व्हर्टरचा दिवा उघडा. फ्रिजचा उघडा. खिडकीची घोंगडी बाजूला सारलेली आणि रस्त्याचा तो पांढराफेक दिवा सगळ्या खोलीत पसरलेला. त्या घरात मी इतका उजेड कधी पाहिला नव्हता आणि मला एकदम रडू यायला लागलं.

तिनं शांतपणे मला कागद दाखवले. चाळीस माणसं सहा महिने साडेसहाला जेवली आणि त्यांची साखर जागची हलली नाही. काहींची तर वाढली. "आकडे म्हणतात मी चुकली," ती म्हणाली. "मग चुकली. तसंच लिहून राहिली मी. लोकांना उगाच उपाशी कामाला पाठवू नये कोणी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिथं टेबलावर अर्धा लिहिलेला शोधनिबंध होता, त्यात ती तीस वर्षांचं आपलं म्हणणं आपल्याच हातानं मागे घेत होती. दुसरा कुणी असता तर त्यानं आकड्यांवर संशय घेतला असता. तिला तो आला नाही, कारण ते आकडे आमच्या अक्षरात होते.

मी डबा ठेवला आणि निघालो. स्कूटर सुरू केली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चाळीस जणांच्या प्रेमाची चोरी मी उघडी पाडणार होतो आणि त्यांत पहिलं नाव माझं होतं. पण त्या हिरव्या ठिपक्यांखाली तिला तसं जेवत सोडून घरी जाऊन झोपणं मला जमलं नसतं. मी आत आलो, बसलो नाही, उभ्यानंच सांगून टाकलं. पुऱ्या, लोणचं, एकची पंगत, गणपतीचा महाप्रसाद, दुबेजींना दिसलेला तिचा उतरलेला चेहरा, माझी वही. काहीच ठेवलं नाही.

ताईनं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं आता ही मला दाराबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर मी मुकाट गेलो असतो. मग तिनं ताटातला उरलेला भात बाजूला सारला. "तीस वर्षांत एकाही उंदरानं माझं मन राखलं नाही, जावईबापू," ती म्हणाली. "तुम्ही चाळीस जणांनी मिळून राखलं." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि ते कशाचं होतं हे दोघांनीही विचारलं नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टेपचं रीळ कुठं ठेवलं म्हणून घरभर शोधायला लागली. ते मला सापडलं, गव्हाच्या डब्यामागे. वायफायवरचे तीन तुकडे मी चिकटवले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला पंगतीबद्दल विचारून भंडावून सोडलं. कारखान्यात तिला येता येत नाही, म्हणून मला सगळं सांगावं लागलं: कोण कुठं बसतो, कुणाच्या डब्यात काय असतं, कोण कुणाला घरच्या गोष्टी सांगतो. ऐकता ऐकता ती एकदम म्हणाली की आपलं चुकलं ते इथं. उंदीर एकेका पिंजऱ्यात एकेकटे खातात. त्यांना पंगत नसते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आम्हाला भूक एकला लागत नव्हती, आम्ही एकमेकांसाठी बसत होतो. तेव्हा पंगत मोडायची नाही, पंगतच उचलून साडेसहाला आणायची. क्वार्टरांच्या मधल्या मैदानात कडुलिंबाखाली रोज संध्याकाळी डबे उघडायचे असं ठरलं. बायका आधी हसल्या, मग त्याही डबे घेऊन आल्या, आणि दुबेजींच्या बायकोनं पहिल्याच दिवशी पुऱ्या तळल्या. कितीतरी वर्षांनी आम्ही आपापल्या बायकांबरोबर पंगतीला बसलो होतो.

नव्या वह्या आल्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ताईनं स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहून दिलं की यात खरं लिहिलं तर दीदी नाराज होणार नाही. आणि शब्द पाळायचा म्हणून ती चेहरा कोरा ठेवायला शिकली. आमच्या घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि बायको मोठ्यानं वाचायची: रात्री दोन, समोसे तीन, वर रबडी. रबडीला ताईच्या कपाळावर आठी यायचीच. पंधरा दिवस सराव केल्यावर ती रबडीलाही हलेनाशी झाली. मग कुठं ती रांझीला आली. दुबेजींनी वही पुढे केली. त्यात होतं: रात एक बजकर दस, एक समोसा। दीदी, माफ़ी। ताईनं दगडासारख्या चेहऱ्यानं ते वाचलं, खाली सही केली आणि चहा मागितला. दुबेजींनी असा निःश्वास टाकला की शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू गेला असेल.

या वर्षी ती निवृत्त झाली. अभ्यास अजून चालू आहे. तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई आता कॉलेजात ते काम बघते आणि वह्या तिच्याकडे जातात. काहींची साखर उतरायला लागली आहे, काहींची नाही. माझी उतरली आहे, पण ताई मला त्यावर बोलू देत नाही. एवढ्यात काही म्हणायचं नसतं, असं ती दटावते, आणि दटावताना तो शिकवलेला कोरा चेहरा तिला नीट जमत नाही. उंदरांची अंधारी खोली रिकामी झाली. तिथं आता मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत म्हणे. तिनं तिथून फक्त लाल बल्ब आणला आणि आमच्या क्वार्टरच्या बोळात लावला, म्हणजे मी पाळीवरून आलो की ट्यूबलाइट लागू नये. रात्री एकला आम्ही अजून सवयीनं त्या बाकावर जाऊन बसतो. वर्तमानपत्र अंथरत नाही. दुबेजी लोणच्याची आठवण काढतात, कुणीतरी पाण्याची बाटली फिरवतं, आणि अर्ध्या तासानं आम्ही उठतो. चुकल्यासारखं वाटतं, ते खोटं कशाला सांगू.

निवृत्तीला तिला काय द्यावं यावर शॉपमध्ये पुष्कळ चर्चा झाली. शाल-श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ झालं, कुणीतरी उभा दिवा सुचवला आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं. शेवटी सुट्टीच्या दिवशी दुबेजींच्या अंगणात आम्ही पत्रा कापला, वाकवला, कडा घासल्या आणि आतून काळा रंग दिला. रस्त्याच्या दिव्यांचं काम बघणाऱ्या माणसाला दुबेजींनी आधीच गाठून परवानगी घेतली होती. कॉलेजातला समारंभ आटोपला त्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण मदन महलला पोहोचलो. ताई हार हातात घेऊन फाटकाशी उभी होती. आम्ही शिडी का लावतो आहोत हे तिला कळेना. तो माणूस वर चढला आणि त्यानं त्या पांढऱ्याफेक दिव्यावर आमची टोपी बसवली. मग दिवा लागला. उजेड सरळ खाली रस्त्यावर पडला, आणि ताईची खिडकी, तिची भिंत, फाटकाशी उभी असलेली ती, सगळं अंधारात गेलं.

अंधारात पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. ताई आत जाऊन आपल्या उशीपाशी मीटर धरून उभी राहिली असणार, कारण बऱ्याच वेळानं तिचा आवाज खिडकीतून आला, आणि तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"जावईबापू," ती म्हणाली, "दोन बोटं अजून खाली घ्या."

आम्ही पुन्हा शिडी लावली.